कारंज्याचें पाणी

बीडहून नगरला जाण्याची एक वाट मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या पठारावर येते, पाटोद्यावरून पुढें जाते आणि सौताड्यापाशीं पठाराची कड उतरून जामखेडच्या बाजूस निघते. या वाटेच्या दोन टोकांना पाण्याचीं दोन जुनीं कामें आहेत. बीडच्या टोकाला एक विहीर आहे. तिचें नांव खजाना बावडी. नगरच्या टोकाला, शहराबाहेर, एका तळ्याच्या मधोमध दुमजली अष्टकोनी महाल उभा आहे. त्याचें नांव फराहबाग. बावडी 1582 सालची, महाल 1583 मध्यें पुरा झालेला. दोन्ही कामांमागें एकच माणूस होता, तो म्हणजे मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान. एका टोकाला त्यानें पाणी शेताकडे नेलें, दुसऱ्या टोकाला तें राजाच्या डोळ्यांसाठीं बागेंत खेळवलें.

श्रोतेहो, पाणी खालीं वाहातें याचें कोणासच नवल वाटत नाहीं. तें वर उडूं लागलें म्हणजे मात्र लहान मुलांपासून बादशहापर्यंत सारे थबकतात. आज आपल्या शहरांत कळ दाबली कीं पंप चालूं होतो आणि कारंजें उडतें, म्हणून त्यामागें कांहीं विद्या असावी असें मनांतहि येत नाहीं. परंतु चारशें वर्षांपूर्वी वीज नव्हती, वाफेचें यंत्र नव्हतें. होते ते डोंगर, मातीचे भाजलेले नळ, चुना आणि गवंड्याची नजर. तेवढ्यावर दख्खनच्या कारागिरांनीं पाण्याला उडी मारावयास कसें लावलें, आणि ती उडी कोठें व कां मंदावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. अहमदनगरचें नांव 2024 मध्यें अहिल्यानगर झालें आणि औरंगाबादचें 2023 मध्यें छत्रपति संभाजीनगर. तरी जुन्या काळाविषयीं बोलतांना मीं त्या काळचींच नांवें वापरणार आहें.

प्रथम कारंज्याचें मूळ रहस्य सांगून टाकूं, कारण तें फार सोपें आहे. कारंज्याचा जोर कारंज्याच्या तोंडाशीं नसतो; तो मागें, पाणी जेथून येतें तेथें असतो. पाण्याचा सांठा तोंडाहून जितका उंच, तितका जोर अधिक. इटलीचा टॉरिचेल्ली यानें 1644 मध्यें हा नियम छापून प्रसिद्ध केला. सांठ्याची पातळी भोंकाहून 8 फूट वर असेल तर पाणी सेकंदाला सुमारें 23 फूट वेगानें बाहेर पडतें. 32 फूट वर असेल तर सुमारें 45 फूट वेगानें. म्हणजे वेग दुप्पट हवा तर उंची चौपट लागते. आणि वाटेंत कांहींच खर्ची न पडतें, तर धार पुनः जवळजवळ सांठ्याच्या उंचीइतकीच वर गेली असती. परंतु वाटेंत पुष्कळ खर्ची पडतें. हा खर्च कमी करणें म्हणजेच कारंज्याची विद्या.

आतां उंचीचा विचार करावयाचा तर पाटोद्याकडे पाहावें. हा तालुका बालाघाटाच्या पाठीवर बसला आहे. मांजरा नदी याच तालुक्यांत उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहात जाऊन गोदावरीस मिळते. बीड शहरांतून जाणारी बिंदुसरा याच तालुक्यांतल्या वाघिऱ्याजवळ निघते. तिचेंहि पाणी शेवटीं गोदावरीसच जातें. उलट सौताड्याला पठाराच्या कडेवरून रामेश्वराच्या देवळापाशीं जी विंचरणा खालीं कोसळते, ती सीनेच्या वाटेनें भीमेकडे आणि पुढें कृष्णेकडे जाते. म्हणजे एकाच तालुक्याच्या एका शेतांतला पाऊस मछलीपट्टणच्या बाजूस आणि दुसऱ्या शेतांतला राजमहेंद्रीच्या बाजूस! इतक्या नद्यांचें हें माहेर. पण मुलगी सासरीं नांदते तशा या नद्या नांदतात त्या खालच्या मुलखांत. पर्जन्यछायेचा प्रदेश, वरून काळ्या खडकाची उतरती जमीन. पाऊस पडला न पडला तों पाणी निघून जातें. पाटोद्याजवळ जर कांहीं विपुल असेल तर ती उंची. आणि उंची अशी चीज आहे कीं तिच्यामुळें कारंजें उडतें आणि तिच्यामुळेंच विहीर आटते.

सलाबतखानाला हें दोन्ही उमगलें होतें असें त्याच्या कामांवरून दिसतें.

मुर्तजा निजामशहा 1565 मध्यें नगरच्या तख्तावर आला. इतिहासांत तो ‘दिवाणा’ या नांवानें ओळखला जातो. राज्याच्या उत्तरकाळीं त्यानें दरबार टाकला, माणसांचा सहवास टाकला, आणि बागेंत एकांतांत राहूं लागला. कारभार मंत्र्यांच्या हातीं गेला. सुदैवानें त्या मंत्र्यांपैकीं एक सलाबतखान होता. फराहबागेचें काम प्रथम चंगीझखान नांवाच्या मंत्र्यानें आरंभिलें, पुढें नियामतखानानें तें चालविलें; पण झालेलें काम राजाला आवडलें नाहीं, आणि सलाबतखानानें तें पुनः नव्यानें उभारून 1583 मध्यें तडीस नेलें. तळ्यांतून महालापर्यंत जाण्यास बांधीव वाट, सभोंवार बाग, आंत उंच घुमटी दालन. उन्हाळ्यांत जमीन तापली असतां पाण्यावरून येणारा वारा दालनांत शिरावा, ही त्यांतली युक्ति. ताजमहालाची कल्पना या इमारतीवरून सुचली असें कोणी कोणी म्हणतात. मला तें नगरकरांच्या अभिमानाचें बोलणें वाटतें. पण तळ्याच्या मध्यभागीं उभें राहिलें असतां, पाण्यासाठीं एवढा खटाटोप करणाऱ्या राजवटीविषयीं आदर वाटल्यावांचून राहात नाहीं.

त्या राजाचा शेवट मात्र पाण्याच्याच घरीं झाला. त्या काळीं नगरांत असलेला इतिहासकार फेरिस्ता लिहितो कीं, 1588 मध्यें मुर्तजाचा मुलगा मीरान हुसेन यानें बापाला हमामखान्यांत कोंडलें, दारें-खिडक्या बंद केल्या आणि खालीं जाळ लावला. हमाम म्हणजे ऊन पाण्याचें, वाफेचें स्नानगृह; दख्खनच्या दरबारांत तें ऐषआरामाचें शिखर होतें. ज्या राजासाठीं तळें खोदून वारा गार केला, तो कोंडलेल्या वाफेंत गुदमरून मेला. सलाबतखान त्यापूर्वींच अधिकारावरून गेला होता आणि पुढें एक-दोन वर्षांतच तोहि वारला. नगरच्या पूर्वेस शहाडोंगरावर त्याची कबर आहे. तीन मजली अष्टकोनी इमारत. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. माणसाची कबर त्याच्या नांवानें ओळखली जाऊं नये, हें सलाबतखानाचें दुर्दैव. पण त्याच्या विहिरीचें पाणी अजून ओळखलें जातें, हें भाग्यहि कमी नाहीं.

आतां नळांकडे वळूं. नगर शहराला डोंगराच्या बाजूच्या गांवांहून, उदाहरणार्थ कापूरवाडीहून, खापरी नळांनीं पाणी येत असे. खापरी नळ म्हणजे कुंभाराच्या चाकावर घडवून भाजलेल्या मातीच्या नळ्या. एकीचें तोंड दुसरीच्या गळ्यांत बसवून सांधा चुन्यानें भरावयाचा आणि सबंध ओळ चुनेगच्ची बांधकामांत पुरावयाची. हें बांधकाम कशाला, असा प्रश्न पडेल. मातीची नळी आंतल्या दाबानें फुटते; बाहेरून चुन्याची कवच-कुंडलें घातलीं म्हणजे ती टिकते. उंच ठिकाणाहून पाणी सोडलें कीं खालच्या नळांत दाब वाढतो. सुमारें 34 फूट उंचीचा पाण्याचा खांब सबंध वातावरणाइतका भार घालतो. अशा भाराखालीं एखादाच सांधा कच्चा राहिला तरी पाणी बागेंत पोहोंचण्याऐवजीं जमिनींत मुरतें, आणि कारंज्याच्या तोंडाशीं राजा वाट पाहात बसतो.

पण गळतीहून मोठे असे तीन शत्रू होते. पहिला गाळ. पाण्याबरोबर माती येते, नळाच्या सखल भागांत बसते, आणि चार पावसाळ्यांत नळ अर्धा बुजतो. दुसरा घर्षण. नळ अरुंद झाला कीं पाणी त्याच्या अंगाला अधिक घांसतें आणि जोर खातें. हा हिशेब युरोपांत एकोणिसाव्या शतकांत नीट बसला. फ्रान्समधील दीजों शहराचा इंजिनियर आंरी दार्सी यानें 1840 मध्यें सुमारें 13 किलोमीटरांवरच्या रोझ्वार झऱ्याचें पाणी, पंप न लावतां, केवळ उतारावर आपल्या गांवीं आणलें, आणि 1856 मध्यें त्या गांवच्या सार्वजनिक कारंज्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत वाळूंतून पाणी झिरपण्याचा नियम दिला. आजचे भूजलशास्त्रज्ञ त्याच नियमावर चालतात. कारंज्यांच्या पुस्तकांतून विहिरींचें शास्त्र निघावें, ही गंमत सलाबतखानाला पटली असती. घर्षणाचा ठोकताळा असा कीं, तेवढेंच पाणी अर्ध्या व्यासाच्या नळांतून न्यावयाचें म्हटलें तर वाटेंत खर्ची पडणारा जोर दुप्पट-चौपट नव्हे, सुमारें बत्तीसपट होतो. नळ विकत घेतांना चार पैसे वांचविणारा मनुष्य पुढें जन्मभर जोर विकत घेत बसतो, तो यामुळें.

तिसरा शत्रू सर्वांत कपटी, कारण तो दिसत नाहीं. तो म्हणजे हवा. नळ जमिनीच्या चढउतारांवरून जातांना जेथें उंचवटा येतो तेथें पाण्यांतली हवा वर जमते आणि बुडबुडा होऊन नळाच्या गळ्यांत बोळ्यासारखी बसते. नळ फुटलेला नाहीं, बुजलेला नाहीं, वरचें टांकें भरलेलें आहे; आणि खालीं कारंजें नुसतें थुंकतें. या शत्रूवर दख्खनच्या कारागिरांनीं जो उपाय काढला तो पाहावयाचा तर नगर सोडून थोडें हिंडावें लागेल.

नगरचा पहिला मंत्री चंगीझखान, ज्यानें फराहबागेचा आरंभ केला, त्याच्या पदरीं एक हबशी गुलाम होता. तोच पुढें मलिकंबर म्हणून प्रसिद्धीस आला. त्यानें 1610 मध्यें खडकी गांव वसवलें, ज्याचें पुढें औरंगाबाद झालें, आणि तेथें डोंगरांतलें पाणी भुयारी नहरेनें आणलें. धन्याच्या घरीं बाग होत असतां तरुण अंबरनें काय पाहिलें, काय हेरलें, याची नोंद कोणी ठेविलेली नाहीं. पण नगरच्या पाण्याच्या कामांशीं त्याचा परिचय होता यांत शंका घेण्यासारखें कांहीं नाहीं. खडकीच्या नहरेची पद्धत पुढें वाढत गेली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं जी पाणचक्की आहे, तेथें काही कोसांवरच्या डोंगरांतून आलेलें पाणी एका उंच बांधीव भिंतीवर चढतें आणि तेथून हौदांत कोसळतें. ज्यांनीं ती पाहिली असेल त्यांना वाटतें कीं भिंत शोभेसाठीं आहे. तसें नव्हे. दूरचा सांठा या भिंतीहून उंच असल्यानें पाणी नळांतून आपोआप वर येतें. वर आल्यावर त्यांतली हवा सुटते, गाळ खालीं राहातो, आणि मोकळें झालेलें स्वच्छ पाणी नव्या दमानें पुढें निघतें. त्याच पाण्यानें चक्की फिरे आणि दर्ग्यांत येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं व विद्यार्थ्यांसाठीं पीठ दळलें जाई.

विजापुरांतहि अशींच उंच पाण्याचीं मनोऱ्यासारखीं बांधकामें नळांच्या ओळीवर जागोजाग आहेत. त्यांना गंज म्हणतात. 1651 मध्यें बेगम तलाव बांधला गेला, त्याच्या नळांवर तीं आढळतात. येथें उद्देश आणखी एक होता: दाब फार वाढूं न देणें. मनोऱ्यांत पाणी उघडें झालें कीं मागचा सारा दाब तेथें संपतो आणि पुढच्या नळावर फक्त मनोऱ्याच्या उंचीचा भार राहातो. बऱ्हाणपुरास 1615 च्या सुमारास जी भुयारी योजना झाली, तिच्यावर तर विहिरीसारखीं तोंडें ओळीनें आहेत. आणि पुण्यास कात्रजहून नानासाहेब पेशव्यांनीं 1749 च्या सुमारास जो दगडी नळ आणविला, त्यावर अशीं जीं तोंडें बांधलीं त्यांना आपल्या लोकांनीं दिलेलें नांव इतकें समर्पक आहे कीं त्यापुढें कुठल्याहि परिभाषेची जरुरी नाहीं. तें नांव उच्छ्वास. नळ श्वास सोडतो! नळ हा जिवंत देह आहे, त्याला कोंडलें तर तो गुदमरतो, हें ज्या गवंड्याला कळलें त्यानें जलशास्त्राचें निम्में पुस्तक वाचल्यासारखेंच होतें.

आतां एका आधुनिक गोष्टीकडे वळतों, कारण आमच्या शहरी श्रोत्यांपैकीं कांहींच्या घरीं हा प्रश्न प्रत्यक्ष येऊन ठेपला आहे. पुण्या-मुंबईच्या बंगल्यांच्या आवारांत हल्लीं पोहण्याचें लहान तळें आणि त्याला लागूनच ऊन पाण्याचें कुंड बांधण्याची चाल पडली आहे. कुंडाच्या भिंतींतल्या तोट्यांतून पाण्याच्या जोरदार धारा अंगावर येतात आणि दुखऱ्या स्नायूंना आराम पडतो. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका इतालियन कुटुंबानें ही कल्पना रूढ केली. त्यांचा धंदा पंपांचा. कँडिडो जॅकुझी यांच्या मुलाला सांधेदुखी होती, त्याला घरच्या टबांत शेक घेतां यावा म्हणून 1956 मध्यें त्यांनीं पाण्यांत सोडावयाचा पंप बाजारांत आणला. 1968 मध्यें त्याच घराण्यांतील रॉय जॅकुझी यांनीं धारा टबाच्या भिंतींतच बसविल्या. या तोटीची खुबी अशी कीं तिच्या आंत पाण्याची वाट एके ठिकाणीं आंखडलेली असते. आंखडलेल्या गळ्यांतून जातांना पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. तेथें बाहेरच्या हवेची बारीक नळी जोडलेली असली कीं हवा आपण होऊन आंत ओढली जाते, आणि धार फेंसाळ व भरदार होते. इटलीचा व्हेंटुरी यानें 1797 मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवर हें सारें उभें आहे. ज्या हवेला कात्रजच्या नळानें बाहेर काढलें, तिलाच येथें मुद्दाम आंत घेतात. फरक इतकाच कीं नळाच्या वाटेंतली हवा शत्रू, तोंडाशीं घेतलेली हवा मित्र.

पुष्कळ घरीं अशी तक्रार असते कीं कुंड बांधलें, पैसे मोजले, पण धारांत जोर नाहीं. मालक सरळ मोठा पंप मागवतो. माझें म्हणणें, पंपाला हात लावण्यापूर्वी मलिकंबरच्या गवंड्यासारखी नळाची वाट चालून पाहावी. आधीं गाळ: पाणी गाळणारा फिल्टर तुंबला असेल तर पंपाला पाणीच मिळत नाहीं, मग तो देणार कोठून? मग हवा: पंपाच्या ओढण्याच्या बाजूला एखादा सांधा ढिला असेल किंवा झांकणाची रबरी कडी वाळली असेल, तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि सारा जोर बुडबुड्यांत जातो, पंपाच्या पारदर्शक झांकणाखालीं बुडबुडे दिसले कीं हा रोग ओळखावा. त्यानंतर व्हॉल्व्ह: तळ्याची आणि कुंडाची वांटणी ज्या व्हॉल्व्हनें होते तो अर्धवट तळ्याकडे उघडा असला, तर कुंडाच्या वाट्याचें पाणी शेजाऱ्याच्या घरीं जातें. एवढ्यानें भागलें नाहीं तरच नळाचा व्यास आणि वळणें तपासावीं. काटकोनी वळण पाण्याला ठेंच लागल्यासारखें असतें. अशीं दहा वळणें घेतलेला बारीक नळ कितीहि दमदार पंपाचा जोर वाटेंतच खाऊन टाकतो. बत्तीसपटीचा ठोकताळा येथें पुनः आठवावा. आणि सर्वांत शेवटीं तोट्या मोजाव्या.

या तोट्यांच्या संख्येनें मोठमोठ्यांना गोत्यांत आणलें आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 रोजीं घातला गेला. त्या वाड्यांत पुढें एक कारंजें झालें, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचें. सवाई माधवरावांच्या बाळपणीं त्यांच्या मनोरंजनासाठीं तें केलें असें सांगतात. नांव हजारी कारंजें. तोंडें हजार नव्हतीं हें खरें, पण शेकड्यांत मोजावीं इतकीं निश्चित होतीं, आणि प्रत्येक तोंड म्हणजे पाण्याचा एकेक वाटेकरी. एकाच नळाचें पाणी शेंकडों तोंडांत वांटावयाचें आणि प्रत्येक धार सारखी उडवावयाची, हें काम एक मोठी धार उडविण्यापेक्षां कितीतरी अवघड. पहिल्या तोंडाजवळ दाब अधिक, शेवटच्याजवळ कमी. एक धार माणसाएवढी, तर दुसरी वीतभर. आग्र्यास ताजमहालाच्या बागेंत याला एक सुंदर उपाय केलेला आहे. तेथें प्रत्येक कारंज्याखालीं तांब्याचें एकेक भांडें आहे. नळाचें पाणी प्रथम भांड्यांत भरतें आणि मग सर्व भांड्यांतून एकदमच सारख्या जोरानें वर उठतें. आपल्याकडे त्याच वळणाची, औरंगजेबाच्या काळची बिबीका मकबरा ही इमारत आहे, आणि तिच्या मधल्या लांब हौदांतहि कारंज्यांची ओळ आहे.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईला इतकें साधलें नाहीं. व्हर्सायच्या बागेला उंचीच नव्हती. सेन नदीचें पाणी पाचशें फूट वर चढविण्यासाठीं त्यानें 1684 मध्यें मार्ली येथें चौदा प्रचंड चाकांचें यंत्र बसविलें, तरीहि सगळीं कारंजीं एकाच वेळीं उडविण्याइतकें पाणी मिळेना. शेवटीं तोड अशी निघाली कीं, राजा ज्या वाटेनें फिरावयास येईल त्या वाटेवरचे माळी शिट्टी वाजवीत. शिट्टी ऐकली कीं पुढचें कारंजें सोडावयाचें, राजा पाठमोरा झाला कीं बंद करावयाचें. राजाच्या समजुतीनें मात्र सारें अष्टौप्रहर चालूं असे. मला या गोष्टींत हंसूं येत नाहीं. तोट्या जास्त आणि पाणी कमी असलें म्हणजे माळ्याचें शहाणपण हेंच, कीं एका वेळीं थोड्याच तोट्या उघडाव्या. कुंडाच्या मालकांनींहि हें ऐकून ठेवावें. सहा मरतुकड्या धारांपेक्षां तीन जोमदार धारांनीं पाठ लवकर सुखावते.

आतां पुनः बालाघाटाकडे, पाटोद्याच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे चलूं. खजाना बावडींत एकहि धार उडत नाहीं. बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती तेव्हां त्याच्यासाठीं हें काम भास्कर नांवाच्या जाणत्यानें केलें असें परंपरा सांगते. त्याला राजा भास्कर म्हणतात. गोल, रुंद, दगडी बांधणीची विहीर. आंत उतरल्यावर कडेकडेनें हिंडतां येतें. विहिरीला तीन भुयारें आहेत. दोहोंतून पाणी आंत येतें, तिसऱ्यांतून बाहेर पडतें. बाहेर पडणारें पाणी मोटेनें ओढावें लागत नाहीं. भुयाराला इतका बेतशीर उतार दिला आहे कीं विहिरीच्या पातळीचें पाणी जमिनीखालून चालत जातें आणि दूर, जमीन जेथें आपण होऊन खालीं उतरते तेथें, पाटांत उघड्यावर येतें. तें रान बलगुजार म्हणून ओळखलें जातें.

कारंज्याची आणि या विहिरीची विद्या एकच, पण तिचा उपयोग उलटा. कारंजें करणारा उंची सांठवून ठेवतो आणि शेवटच्या क्षणीं तोंडाशीं एकदम उधळतो. भास्करानें ती दमडी-दमडीनें वांटली. मैलामागें किती बोटें उतार द्यावयाचा, याचा हिशेब त्यानें जमिनीखालीं, दिव्याच्या उजेडांत, पाण्याच्याच पातळीला साक्ष ठेवून केला असला पाहिजे. उतार थोडा अधिक झाला तर पाणी भुयाराचा तळ खरवडून नेतें आणि शेत येण्यापूर्वीच उंची संपते. थोडा कमी झाला तर गाळ बसतो. शिवाय पाणी जमिनीखालून जात असल्यामुळें मराठवाड्याच्या वैशाखांतहि तें उन्हानें उडून जात नाहीं. बागेंत उडालेल्या धारेचा काहीं भाग वाऱ्यावर जातोच जातो. राजाला तो गारवा म्हणून हवाच असतो, शेतकऱ्याला तो नुकसान म्हणून परवडत नाहीं. खजाना या नांवाविषयीं नाना कथा आहेत. बहुतेक कथांत राजाचा पैसा विहिरींत खर्ची पडल्याचें सांगतात. खजिना म्हणजे सांठा, मग तो मोहरांचा असो कीं पाण्याचा, एवढ्यावर माझें समाधान होतें.

1972 च्या दुष्काळांत मराठवाड्यांतल्या असंख्य विहिरी कोरड्या पडल्या. बीडचीं म्हातारीं माणसें सांगतात कीं खजाना बावडीचें पाणी त्या सालींहि तुटलें नाहीं. या बावडीला पाणी मिळतें तें डोंगरांत मुरलेल्या पावसाचें. तोच डोंगर चढून पठारावर गेलें म्हणजे पाटोदा लागतें. तेथल्या कित्येक वाड्या-वस्त्यांतून आजहि दसरा-दिवाळी झाली कीं बायकामुलांसह माणसें ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत निघतात, आणि उन्हाळा तोंडावर आला असतां परत येतात. तेथें आतां कांहीं गांवांतून डोंगरउतारावर समपातळींत चर खणतात, नाल्यांवर बांध घालतात. म्हणजे पाण्याची उडी रोखून त्याला चालावयास लावतात. हें काम दिसावयास फराहबागेसारखें नाहीं. दगडामातीची एक ओबडधोबड रांग, तिच्यामागें पावसाळ्यांत चार हात पाणी, दिवाळीपर्यंत तेंहि नाहींसें. परंतु तें नाहींसें होतें तें आंत मुरून, आणि खालच्या विहिरींत तें पुढें महिना-दीड महिना टिकतें.

फराहबागेचा महाल अजून उभा आहे. दालनांत वारा येतो. तळें बहुतेक वर्ष कोरडें असतें, आणि बागेचीं कारंजीं केव्हांच बंद पडलीं आहेत. बीडच्या बावडींत उतरावें तर पायऱ्यांवर ओल असते, आणि थोडें थांबून कान दिला तर भुयाराच्या तोंडाशीं पाणी वाहात असल्याचा आवाज येतो.